जुने होम थिएटर भंगारात काढण्यापूर्वी...

शेंद्रा, प्रतिनिधी : नवा स्मार्ट टीव्ही घरी येतो, भिंतीवर बसविला जातो आणि पहिल्याच संध्याकाळी अडचण उभी राहते. चित्र सुरेख दिसते. पण जुन्या होम थिएटरमधून आवाज येत नाही. डीव्हीडी प्लेअरच्या वायरींना नव्या टीव्हीत जागा सापडत नाही. शेंद्रा औद्योगिक वसाहतीत नोकरीनिमित्त येऊन नव्याने घर मांडणाऱ्या कुटुंबांना हा अनुभव नवा नसावा. अशा वेळी जुने काढून नवा साउंडबार घेण्याचा सल्ला सर्रास मिळतो. मात्र, जोडणीचा क्रम समजून घेतल्यास हा खर्च पुष्कळदा टाळता येतो.

जोडणी का बदलली?

छत्रपती संभाजीनगर आणि दूरचित्रवाणी संच यांचे नाते जुने आहे. व्हिडिओकॉनचा कारखाना पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे होता. २०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जुन्या पिढीतील संचांची जोडणी ॲनालॉग असे. पिवळी वायर चित्रासाठी, पांढरी डाव्या आणि लाल उजव्या बाजूच्या ध्वनीसाठी. डिसेंबर २००२ मध्ये हिताची, फिलिप्स, सोनी, तोशिबा आदी कंपन्यांनी 'एचडीएमआय' ही डिजिटल पद्धत आणली. चित्र व ध्वनी एकाच केबलमधून जाऊ लागले आणि नव्या संचांतून रंगीत खाचा हळूहळू कमी झाल्या.

टीव्ही हेच केंद्र

सर्वांत सोपी रचना म्हणजे टीव्हीला केंद्र मानणे. सेट टॉप बॉक्स, प्लेअर, गेमचे यंत्र ही सर्व साधने एचडीएमआयने थेट टीव्हीला जोडावीत आणि टीव्हीतून एकच केबल ध्वनियंत्रणेकडे न्यावी. टीव्हीतील ध्वनी उलट दिशेने बाहेर नेणारी 'एआरसी' ही सोय २००९ पासून एचडीएमआयमध्ये आहे. ती सहसा एकाच खाचेत असते आणि त्या खाचेवर तसे लिहिलेले असते. केबल शेजारच्या खाचेत बसविल्यास चित्र व्यवस्थित दिसूनही होम थिएटर मुके राहते.

यासोबत टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'सीईसी' सुरू करावे. सॅमसंगच्या संचांत ते 'ॲनीनेट प्लस', एलजीमध्ये 'सिंपलिंक', तर सोनीमध्ये 'ब्राव्हिया सिंक' या नावाने आढळते. त्यानंतर टीव्हीच्याच रिमोटने होम थिएटरचा आवाज कमी-जास्त करता येतो.

या रचनेचा आणखी एक लाभ आहे. फोर-के चित्रपटांना 'एचडीसीपी' हे नक्कलविरोधी कुलूप असते. वाटेतील एखादे जुने यंत्र त्याची नवी आवृत्ती ओळखत नसेल, तर पडदा काळा होतो किंवा चित्राचा दर्जा घसरतो. बॉक्स थेट टीव्हीला जोडल्यास चित्राच्या वाटेत जुने यंत्र येतच नाही.

जुन्या यंत्राला एआरसी नसेल तर...

अनेक जुन्या होम थिएटरना 'ऑप्टिकल' खाच असते. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ही प्रकाशतंतूची जोडणी आजही बहुतेक टीव्हींत मिळते. नेहमीच्या ५.१ ध्वनीसाठी ती पुरेशी आहे. 'डॉल्बी ॲटमॉस' मात्र तिच्यातून जात नाही.

केवळ लाल-पांढऱ्या खाचा असल्यास डिजिटल ध्वनी ॲनालॉग करणारी लहान डबी मध्ये लावावी लागते. डबी लावूनही आवाज न आल्यास ती सदोष ठरविण्यापूर्वी टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये 'पीसीएम' निवडावे. साध्या डबीला डॉल्बी ध्वनी उलगडता येत नाही. पिवळ्या वायरीच्या प्लेअरसाठी काही टीव्हींत 'एव्ही' नावाचे बारीक छिद्र असते. त्यासाठी टीव्हीसोबत आलेलीच जोडवायर वापरावी. बाजारातील सर्व वायरींची आतील रचना सारखी नसते. कॅसेट डेक तर टीव्हीला जोडण्याची गरजच नाही. तो होम थिएटरच्या 'ऑक्स' खाचेत थेट चालतो.

हे लक्षात ठेवा

* शब्द ओठांच्या हालचालीआधी ऐकू येत असल्यास होम थिएटरमधील 'ऑडिओ डिले' वाढवावा. ब्लूटूथमध्ये उलट घडते, आवाज मागे पडतो. तेथे वायर बरी.

* सतत गुणगुण येत असल्यास सर्व यंत्रे अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर घ्यावीत. तरीही न थांबल्यास केबल टीव्हीची वायर काढून पाहावी.

* जोडणी करताना वीज बंद ठेवावी. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागण्यापूर्वीच प्लगसोबत केबल किंवा डिशची वायरही काढावी.

* केबल महाग म्हणजे चित्र चांगले, असे नाही. वेष्टनावरील वेगाची श्रेणी पाहावी. फोर-के चित्रासाठी 'प्रीमियम हाय स्पीड' पुरते.

एवढे करूनही यंत्र चाललेच नाही, तर ते भंगारवाल्याऐवजी अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावे. त्याआधी यंत्राच्या मागील बाजूच्या खाचांचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि दुकानात ते दाखवून नेमकी जोडवायर मागावी. नव्या साउंडबारच्या तुलनेत हा उपाय बराच स्वस्त पडतो.