डॉलर उतरला, तरी सहल महागली
परदेशवारीचा हिशेब : भाग ६

पुण्या-मुंबईच्या कित्येक सहल कंपन्या युरोपच्या सहलीची किंमत दोन तुकड्यांत सांगतात : इतके रुपये अधिक इतके युरो. विमानाचं तिकीट आणि व्हिसाचा खर्च रुपयांत; तिकडची हॉटेलं, बस, प्रवेशतिकिटं युरोत. बुकिंगच्या वेळी थोडी रक्कम भरायची आणि युरोचा भाग निघण्याच्या महिनाभर आधी, ‘त्या दिवशीच्या दराने’. दरपत्रकात सर्वांत बारीक टाइपात छापलेले शब्द बहुधा हेच असतात.

२०२५च्या जानेवारीत एका जोडप्याने दिवाळीतली सहल ठरवली, असं समजू. युरोचा भाग माणशी ३,०००. जानेवारीच्या मध्यात युरो ८९ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे २ लाख ६७ हजार. सप्टेंबरात पैसे भरायची वेळ आली तेव्हा तो १०३च्या घरात गेलेला. झाले ३ लाख ९ हजार. दोघांचे मिळून ८४ हजार वाढले, आणि दरपत्रकातला एकही आकडा बदललेला नाही! कर रुपयांतल्या रकमेवर लागतो, त्यामुळे तोही चढला.

गंमत म्हणजे, हे जोडपं रोज पेपरात रुपयाचा भाव बघत असतं तरी गाफीलच राहिलं असतं. पेपरात ठळक येतो तो डॉलर. जानेवारीत साडेशहाऐंशीच्या आसपास असलेला डॉलर मे महिन्यात ८५च्या आसपास उतरला होता. ‘रुपया सावरला’ असे मथळे येत होते आणि त्याच दिवसांत युरो ९५च्या आसपास पोचला होता. याचं कारण रुपया आणि युरो यांचा भाव मुख्यतः डॉलरच्या मार्गाने निघतो : एका युरोला किती डॉलर आणि एका डॉलरला किती रुपये, यांचा गुणाकार. जानेवारीत एक युरो जेमतेम १.०३ डॉलरचा होता. एप्रिलमध्ये अमेरिकेने जगभरच्या मालावर आयातशुल्क जाहीर केलं, डॉलर सगळीकडेच घसरला आणि मे महिन्यात युरो १.१२च्या वर गेला. रुपयानेही डॉलरवर थोडी कुरघोडी केली, पण युरोने केली त्याच्या कितीतरी पट.

तेव्हा ज्या चलनात बिल येणार, त्याचाच भाव पाहावा. डॉलर, युरो, पौंड आणि येन यांचे संदर्भदर एफबीआयएल ही संस्था कामाच्या दिवशी दुपारी जाहीर करते. बँक किंवा मनी चेंजर प्रवाशाला विकताना त्याहून चढा दर लावतात, हे मात्र धरून चालावं.

हळूहळू चढणारा दर निदान दिसतो तरी. १५ जानेवारी २०१५ला स्वित्झर्लंडमध्ये तेवढीही सवड मिळाली नाही. तिथल्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११पासून एक युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ द्यायचा नाही, असं धोरण राबवलं होतं. त्या गुरुवारी सकाळी पूर्वसूचना न देता तिने ते सोडून दिलं. काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली कोसळला. स्कीइंगसाठी आल्प्समधली हॉटेलं फ्रँकमध्ये ठरवून बसलेल्या जर्मन किंवा इटालियन पाहुण्यांची सुट्टी न्याहारी आणि जेवण यांच्यामधल्या वेळात महाग झाली. हॉटेलवाल्यांनाही याचा आनंद नव्हता. शेजारचा ऑस्ट्रिया एकाएकी स्वस्त दिसू लागला होता.

पारडं उलटही फिरतं. २३ जून २०१६ला ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. त्याआधी शंभर रुपयांच्या आसपास असलेला पौंड दुसऱ्याच दिवशी पार घसरला आणि ऑक्टोबरात ८२च्या आसपास आला. लंडनच्या सहलीचे पैसे घाईने आधीच भरून टाकलेले लोक हळहळले, टाळाटाळ करणारे फायद्यात राहिले.

हा धोका अंगावर कोणी घ्यायचा, हे करारावर ठरतं. रुपये अधिक युरो अशा किमतीत तो पूर्ण प्रवाशाचा. सगळी किंमत रुपयांत असेल तर वरवर कंपनीचा. पण चलनाचा दर चढल्यास अधिभार लावण्याचं कलम अटींत आहे का, ते सहीपूर्वीच बघायला हवं. युरोपीय संघाच्या २०१५च्या निर्देशाने तिथे मधला मार्ग काढला आहे. सहलीची किंमत ८ टक्क्यांहून जास्त वाढली तर ग्राहक सहल रद्द करू शकतो, निघायला २० दिवसांहून कमी उरल्यावर वाढ करता येत नाही, आणि वाढीचा हक्क राखून ठेवणाऱ्या कंपनीला चलन उतरल्यावर किंमतही उतरवावी लागते. हे शेवटचं कलम आपल्याकडच्या रुपयांतल्या दरपत्रकांतही यायला हरकत नाही.

कंपनीने धोका अंगावर घेतला तर काय होऊ शकतं, हे फ्रेडी लेकरच्या विमान कंपनीत दिसलं. लंडन-न्यूयॉर्क स्वस्तात नेणाऱ्या या कंपनीची कमाई मोठ्या प्रमाणात पौंडांत, तर विमानांची कर्जं डॉलरमध्ये होती. १९८०मध्ये २.४० डॉलरच्या आसपास असलेला पौंड १.९०च्या खाली आला आणि ५ फेब्रुवारी १९८२ला कंपनी बुडाली. मंदी आणि भाडेयुद्ध यांचाही त्यात हात होताच.

साध्या प्रवाशाला दराचं भाकीत करता येत नाही. बँकांच्या तज्ज्ञांनाही ते फारसं जमत नाही. प्रवाशाला भरणा मात्र विभागता येतो. कंपनी तयार असेल तर युरोचा अर्धा भाग बुकिंगच्या सुमारास भरून टाकावा. हातखर्चासाठी फॉरेक्स कार्डात दोन-तीन हप्त्यांत युरो भरावेत. प्रत्येक हप्त्याचा दर त्याच दिवशी पक्का होतो. क्रेडिट कार्डाचं तसं नाही. तिथे व्यवहार नोंदला जातो त्या दिवसाचा दर लागतो, म्हणजे अनेकदा एक-दोन दिवसांनंतरचा. शिवाय बहुतेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के अधिभार आणि त्यावर जीएसटी. पॅरिसमधल्या दुकानातलं यंत्र ‘रुपये की युरो’ असं विचारतं तेव्हा युरोच निवडावा. रुपये निवडले की दर त्या यंत्राचा, आणि तो बहुतेक वेळा महागच पडतो.

परताव्याचं गणित तर अनेकांच्या लक्षातच येत नाही. हॉटेलने ५०० युरो परत केले तरी ते कार्डावर रुपयांत येतात परताव्याच्या दिवशीच्या दराने, आणि जाताना कापलेला अधिभार सहसा परत मिळत नाही. रद्द केलेल्या बुकिंगचे पैसे नेमके कुठे अडकतात, ते पुढच्या भागात.