वजन वाढवायची वेळ

जिममध्ये नव्याने जाणाऱ्याला ‘दर आठवड्याला अडीच किलो वाढवत जा’ असा सल्ला हमखास मिळतो. तो लक्षात ठेवायला सोपा आहे, पण त्यात सगळा भरवसा कॅलेंडरवर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जायबंदी सैनिकांवर उपचार करणारे अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी वेगळी वाट धरली. आर्थर वॉटकिन्स यांच्यासोबत त्यांनी 1948 मध्ये मांडलेल्या पद्धतीत रुग्णाला जेमतेम दहा वेळा उचलता येईल ते वजन प्रमाण मानलं होतं. पहिला सेट त्याच्या निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊणपट, तिसरा पूर्ण. वजन किती हे रुग्णाचे स्नायूच सांगत. आजचा नियमही त्याच मुळातून आला आहे: ठरवलेल्या रेप्सपेक्षा एक-दोन जास्त जमू लागल्या की वजन 2 ते 10 टक्के वाढवावं, अशी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची 2009 ची शिफारस आहे. त्या जादा रेप्स व्यायामाच्या लागोपाठच्या दोन सत्रांत जमाव्यात ही प्रशिक्षकांची अट मला फार मोलाची वाटते, कारण एखादा दिवस नुसत्या चांगल्या झोपेमुळेही चांगला जातो. आणि स्क्वॉट अर्ध्यावर सोडून किंवा पाठ वाकवून मारलेली रेप मोजायचीच नाही.

यातला टक्केवारीचा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. साठ किलोच्या स्क्वॉटला अडीच किलो म्हणजे जेमतेम 4 टक्के. पाच किलोच्या डंबेलवरून साडेसातवर जाणं म्हणजे थेट 50 टक्के. खांद्याच्या व्यायामात एवढी उडी झेपत नाही, यात उचलणाऱ्याचा काही दोष नाही. तिथे आधी रेप्स बारा-पंधरापर्यंत न्याव्यात. वजन तेच ठेवलं तर स्नायू वाढणार कसे, ही शंका रास्त आहे. पण 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ आठवड्यांच्या प्रयोगात एका गटाने वजन वाढवलं, दुसऱ्याने त्याच वजनावर रेप्स. स्नायूंची वाढ दोघांचीही जवळपास सारखीच झाली. एका दमात जास्तीत जास्त वजन उचलायचं असेल, तर मात्र जड वजनाचा सराव टळत नाही.

नवख्यांची ताकद भराभर वाढते, मग त्यांनी थांबायचं कशाला, असंही विचारलं जातं. मोरितानी आणि डीव्हरीस यांनी 1979 मध्ये दाखवून दिलं, की सुरुवातीच्या आठवड्यांतली वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते: आहे तेच स्नायू जास्त चांगले कामाला लागतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा याहून सावकाश बळकट होतात. म्हणून नवख्याने वजन वाढवावं जरूर, पण लहान पायरीने. वाढवल्यावर दहाच्या आठ रेप्स झाल्या तर घाबरू नये, त्या काही दिवसांत पुन्हा दहावर येतात. एकदम पाचवर आल्या, तर पायरी मोठी होती. जुन्या वजनावर परतून आणखी एक-दोन आठवडे काढावेत.