वाटाण्याएवढा पफर आणि दोन फुटी एमबू

गोड्या पाण्यातल्या पफरफिशचा स्वभाव त्याच्या आकारावरून ओळखायला जाल तर हमखास फसाल!

केरळच्या नद्यांमधला 'पी पफर' घ्या. होरा आणि नायर यांनी १९४१ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. पूर्ण वाढलेला मासा जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा, पण टाकीत गप्पीचे पर, फायटरची शेपटी कुरतडायला तो मागेपुढे पाहत नाही. नर एकमेकांवरही धावून जातात. म्हणून दाट वनस्पती, लपायला आडोसे आणि शक्यतो त्याच्यापुरती वेगळी टाकी हवी. निसर्गात त्याची संख्या घटते आहे, त्यामुळे घरात पैदास केलेले मासे मिळाले तर तेच घ्यावेत.

दुसऱ्या टोकाला आफ्रिकेतल्या कांगो खोऱ्यातला एमबू. लांबी दोन फुटांहून जास्त! त्यातले बरेचसे मासे शांत असतात, पाळणाऱ्याला ओळखून काचेपाशी येतात. पण प्रत्येकाचा स्वभाव निराळा. दुकानात दिसणारं गोंडस पिल्लू पुढे हजारो लिटरची टाकी मागतं. घरच्या टाकीसाठी ते घेऊच नये.

त्याच कांगोतला मियुरस जेमतेम १५ सेंटिमीटरचा. वाळूत गाडून घेऊन फक्त डोळे बाहेर ठेवतो आणि जवळून जाणारा मासा गट्ट करतो. हा एकटाच ठेवावा.

ॲमेझॉनचा पफर मात्र घोळक्यात रमतो, दिवसभर पोहत राहतो.

सगळ्यांचे दात आयुष्यभर वाढतात. ते झिजावेत म्हणून कवचासकट गोगलगायी खायला द्याव्यात. ॲमेझॉन पफरचे दात तर इतके भराभर वाढतात की कधीकधी ते कापावे लागतात.