दख्खनी लोकर कोणत्या मापाने मोजायची?

भारतात २०१२च्या पशुगणनेत सुमारे साडेसहा कोटी मेंढ्या होत्या. २०१९च्या गणनेत त्या ७ कोटी ४२ लाखांवर गेल्या. देशातले लोकरीचे उत्पादन मात्र खाली आले: २०१४-१५मध्ये ४ कोटी ८१ लाख किलो, २०२२-२३मध्ये ३ कोटी ३६ लाख किलो. मेंढ्या वाढतात आणि लोकर घटते, याचा अर्थ मेंढपाळाने लोकरीतून लक्ष काढून घेतले आहे. महाराष्ट्रात तर कित्येक कळपांत कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त पडते, आणि कातरलेली लोकर माळावरच टाकून मेंढपाळांचा फिरता वाडा पुढच्या मुक्कामाला निघतो. ही लोकर दख्खनी मेंढीची. काळी, जाडीभरडी, केसाळ. जाडीभरडी आहे म्हणूनच तिला भाव नाही, असे सगळेच सांगतात. हे निदान मला चुकीचे वाटते. भाव नाही, कारण ही लोकर आपण दुसऱ्याच मेंढीच्या मापाने मोजत आलो. मोजताना तिला तिच्या माळापासून, वाड्यापासून आणि मागापासून तोडले, आणि मग उरलेल्या तंतूकडे बघून तो टाकाऊ ठरवला.

ही मेंढी राहते कुठे, ते आधी पाहिले पाहिजे. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, पारनेर हा सगळा पर्जन्यछायेतला मुलूख. सह्याद्रीने अडवलेला पाऊस इथपर्यंत जेमतेम पोचतो. गवत आखूड, झाडे काटेरी, पाण्याची ठिकाणे लांब लांब. म्हैस इथे परवडत नाही, गाय उन्हाळ्यात खचते. मेंढी मात्र आखूड गवत मुळाजवळून खुडते, बाभळीच्या शेंगा खाते, पीक निघालेल्या रानात फिरून पोट भरते आणि रोज कैक कोस चालते. लोणंद, संगमनेरी, सांगोला आणि कोल्हापुरी असे दख्खनी मेंढीचे चार प्रकार महाराष्ट्रात सांगितले जातात. चारही याच कोरड्या पट्ट्यात घडले. दिवाळी सरली की हटकर धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात किंवा ओलिताच्या गावांकडे जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत फिरतात, कारण कोकणातला मुसळधार पाऊस आणि चिखल मेंढीला सोसत नाही. बिऱ्हाड घोड्यावर असते: भांडी, मेंढ्या कोंडायची जाळी म्हणजे वाघर, धान्याची पोती, वर बांधलेल्या कोंबड्या, कधी लहान मूलही. कुत्रे राखणीला. शेताची सीमा नसली तरी हे एक छोटे शेतच आहे, जागा बदलणारे. त्याचे उत्पन्न कोकरांत आहे, लेंडीखतात आहे, लोकरीत आहे. ज्याच्या रानात मेंढ्या रात्री बसवल्या, तो शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. रान खतावले जाते. एकाच जनावराच्या या तीन देण्यांपैकी दोहोंचा हिशेब आजही रोखीने होतो. तिसरी, लोकर, हिशेबातून गळाली.

पूर्वी ती गळाली नव्हती, कारण तिच्या दुसऱ्या टोकाला माग होता. मेंढ्या वर्षातून दोनदा कातरतात. आधी त्यांना नदीत किंवा तळ्यात धुऊन काढायचे, अंग वाळू द्यायचे, मग पाय बांधून कातरीने अंगासरशी लोकर उतरवायची. एका मेंढीची वर्षभराची लोकर अर्ध्या किलोच्या आसपास भरते. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. ती सगळ्यांत मऊ, म्हणून वेगळी ठेवायची. जावळाच्या घोंगडीला जाणकार गिऱ्हाईक आजही जादा दाम मोजते. लोकर रंगवण्याची गरज नसते. काळी, पांढरी, करडी, तपकिरी असे रंग कळपातच असतात, फक्त कातरतानाच ढीग वेगळे पाडले पाहिजेत. घोंगडीचे पट्टे आणि काठ या वेगळ्या ढिगांतून निघतात. पुढचे काम पिंजण्याचे. तातीच्या कंपनाने लोकर मोकळी होते, काटेकुटे आणि माती गळून पडते. मग कताई. ती बायकांची, घरातल्या बाकीच्या कामांच्या फटींतून चाललेली. सूत जमले की ताणा गल्लीत किंवा मोकळ्या जागेत लांबवर ताणायचा आणि त्यावर चिंचोक्याची खळ द्यायची. चिंचोके भाजून, टरफल काढून, दळून शिजवले की जी चिकट पेज होते, ती कुंच्याने दोऱ्यांवर बसवली जाते. लोकरीच्या सुताला बाहेर आलेले केस असतात. खळीने ते चिकटून बसतात आणि ताणा मागावर तुटत नाही. शेवटी विणकर खड्ड्याच्या मागावर बसतो, पाय खड्ड्यात आणि हात जमिनीच्या पातळीवर. धोटा आरपार जातो, बाणा ठोकून घट्ट केला जातो. हे विणकाम सणगरांचे आणि खुटेकर धनगरांचे. कळप राखणारा एक, विणणारा दुसरा. पण दोघांची गावे एकमेकांच्या वाटेवर होती आणि व्यवहार लोकर किंवा धान्य देऊनही चाले.

या सगळ्यातून निघालेली वस्तू कशासाठी होती, ते विसरून तिच्या खरखरीतपणाची तक्रार करता येत नाही. घोंगडी ही उघड्यावर जगणाऱ्या माणसाची वस्तू. तिची खोळ करून डोक्यावर घेतली की पावसाची सर अंगावर झेलता येते. ती अंथरली की खडे आणि ओल टोचत नाहीत, पांघरली की माळावरचा पहाटेचा गारठा अडतो. याला भौतिक कारणे आहेत. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश ओल आत घेतो, तरी हाताला ओला लागत नाही. ओल शोषताना थोडी उष्णताही बाहेर टाकतो. जाड केसाळ तंतूंच्या गाभ्यात पोकळी असते, तिच्यात हवा अडकते आणि अडकलेली हवाच ऊब धरते. जाड तंतू दबला तरी पुन्हा उभा राहतो, म्हणून घोंगडी वर्षानुवर्षे अंथरूनही पटकन चेपत नाही. मेरिनो या परदेशी मेंढीची लोकर मऊ आहे, अंगाला लागून घालायच्या कपड्यासाठी तिच्यासारखी दुसरी नाही. पण तिची विणलेली शाल काट्याकुट्यांच्या माळावर मेंढ्यांमागे वर्षभर वागवली, तर दुसऱ्या वर्षाला ती उरणार नाही. ज्या गुणांना आपण दोष म्हणून नोंदवले, ते या कामाला लागणारे गुण होते.

नोंद मात्र दोष म्हणूनच झाली. लोकरीचा जागतिक बाजार मायक्रॉनवर, म्हणजे तंतूच्या जाडीवर चालतो. मेरिनोचा तंतू साधारण १८ ते २४ मायक्रॉन जाड, दख्खनीचा तिशीच्या पुढचा. एक मेरिनो वर्षाला काही किलो लोकर देते, दख्खनी अर्धा किलो. या तक्त्यात दख्खनी तळाशी येणारच. सरकारी सुधारणेचे धोरणही याच तक्त्यावरून ठरले: मेरिनो, रॅम्बुले, कॉरिडेल या परदेशी जातींचे नर आणून स्थानिक मेंढीची लोकर बारीक आणि जास्त करायची. १९६२ साली राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था उभी राहिली, त्यानंतरची काही दशके हा विचार देशभर जोरात होता. हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण संकरित मेंढीला लागणारा चारा आणि निगा फिरत्या वाड्याजवळ नव्हती. बारीक झालेल्या लोकरीसाठी वेगळी गिरणी, वेगळी खरेदी लागते. तीही जत-आटपाडीच्या आठवडे बाजारात नव्हती. आणि घोंगडी विणणाऱ्याला तर ती लोकर नकोच होती. जनावर बदलायला निघालेल्या योजनेने ज्या माणसांच्या हातून ती लोकर जाते, त्यांना काय हवे हे विचारले नाही. आजही देशातल्या गिरण्यांना लागणारी बारीक लोकर मुख्यतः ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडून येते. म्हणजे ज्या स्पर्धेसाठी आपली लोकर नापास केली, त्या स्पर्धेत आपण उतरलोही नाही.

यावर पहिला आक्षेप पशुपालकाच्या बाजूने येतो, आणि तो वजनदार आहे. मटणाला भाव आहे. मग लोकरीची चिंता कशाला? जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी मेंढी उंच, झपाट्याने वाढणारी आणि कमी लोकरीची आहे. तिच्या नराला मोठी मागणी असते. कातरणीची कटकट नाही, कोकरू लवकर विक्रीला येते. मेंढपाळाने हा हिशेब करू नये असे सांगणे अन्यायाचे होईल. पण मांस वाढवायचे तर लोकरीची मेंढी सोडलीच पाहिजे, हे गृहीत धरायचे कारण नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे काम या बाबतीत डोळे उघडणारे आहे. बी. व्ही. निंबकरांनी १९६८ साली स्थापन केलेल्या या संस्थेने सुंदरबनातल्या लहानखुऱ्या गॅरोल मेंढीकडून एकच जनुक घेतला. फेकबी नावाचा हा जनुक मेंढीला जुळी कोकरे देतो. संस्थेने तो दख्खनी कळपांत आणला आणि पुढच्या पिढ्यांत जनावराचा आकार पुन्हा मोठा केला. ‘नारी सुवर्णा’ या नावाने हे वाण मेंढपाळांपर्यंत गेले. इथे प्रश्न बरोबर विचारला होता: याच माळावर, याच चाऱ्यात, याच मेंढीकडून धनगराला काय जास्त हवे आहे? उत्तर होते, आणखी एक कोकरू. इथल्या मेंढीचा काटकपणा धरून ठेवूनही तिचे उत्पन्न वाढवता येते, हे या कामाने दाखवले. लोकरीबाबत असा प्रश्न कुणी इतक्या नेटाने विचारलेला नाही.

दुसरा आक्षेप ग्राहकाचा. घोंगडी टोचते, जड असते, धुवायला त्रासदायक; पानिपतचे ब्लँकेट चौथ्या हिश्श्याच्या दामात मिळते आणि मऊ असते. खरे आहे. अंगावर घेण्याची वस्तू म्हणून घोंगडी शहरी घरात पुन्हा घरोघर येईल, असे मलाही वाटत नाही. पण जाड लोकरीचा खप पांघरुणापुरता नाही. गालिचे, सतरंज्या, बसकर, जोडे, पिशव्या, घोड्याच्या खोगिराखालची घडी, भिंत आणि छपराचे उष्णतारोधक थर, दाबून केलेला नमदा, या सगळ्यांना मऊपणा लागत नाही. त्यांना टिकाऊपणा आणि उसळी लागते, आणि ती दख्खनी लोकरीत आहे. शेवटची गाळ लोकरही वाया जायची गरज नाही: लोकर म्हणजे केराटिन, त्यात वजनाच्या साधारण १६ टक्के नत्र असते आणि ते जमिनीत सावकाश सुटते. डाळिंबाच्या आळ्यात आच्छादन म्हणून ती पसरली तर ओलही धरते. सांगोल्यात डाळिंब आणि मेंढ्या दोन्ही आहेत, ही सोय योजनाकारांनी बघायला हवी. घोंगडी विकताना काही जण पाठदुखीपासून रक्तदाबापर्यंत सगळ्यावर ती इलाज असल्याचे सांगतात. त्याचा मला खेद होतो. या वस्तूला खोट्या आधाराची गरज नाही. तिची ऊब आणि आयुष्य पुरेसे आहे. उलट अशा दाव्यांमागून अ‍ॅक्रिलिक मिसळलेला मालही घोंगडी म्हणून खपतो आणि खऱ्या विणकराचे नुकसान होते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो. हा धंदा जातीने बांधलेला होता, कताई बायकांच्या न मोजलेल्या श्रमावर उभी होती, खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसणाऱ्याची पाठ आणि पिंजणाऱ्याची छाती या धंद्याने खाल्ली. सणगराच्या मुलाला नोकरी हवी आणि धनगराच्या मुलीला शाळा हवी. त्यांना परंपरेच्या नावाने परत मागावर बसवायला कोण सांगणार? कुणीच सांगू नये. पण जुनी पद्धत जशीच्या तशी चालू ठेवणे आणि लोकर माळावर फेकणे, यांच्यामध्ये बरीच जागा आहे. पिंजणे यंत्राने केले तर लोकरीचे काही बिघडत नाही, धूळ मात्र कमी होते. खरी अडचण कताईची आहे: एका घोंगडीच्या सुतात जितके तास जातात, त्या मानाने विणायला थोडे. ते तास आजवर किमतीत धरलेच गेले नाहीत, म्हणून घोंगडी स्वस्त होती आणि म्हणूनच कातणारी बाई हा धंदा सोडून गेली. कताईला शेतमजुरीइतका रोज धरला तर घोंगडी महाग होईल. होऊ द्या. तिची आजची खात्रीची मागणी तशीही स्वस्त पांघरूण शोधणाऱ्यांची नाही. बिरोबा, खंडोबा, म्हस्कोबाच्या पूजेत घोंगडी लागते. देवाचे सुंबरान मांडायला, ओव्या गायला बसताना ती अंथरली जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या विठोबा-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याने पिवळी झालेली घोंगडी आजही दिसते. संशोधक गुंटर सोन्थायमर यांनी धनगरांच्या दैवतांचा अभ्यास करताना हा मुलूख पायाखाली घातला होता. या दैवतांचे जग मेंढीच्या वाटांवर पसरले आहे, हे त्यांच्या लेखनातून स्पष्ट होते. जिथे वस्तूचा मान आहे तिथे वाजवी दाम मागता येतो.

मग अडते कुठे? माझ्या मते, कातरणीच्या दिवशी. लोकर कळपावरून उतरते तेव्हा तिथे घेणारा कुणी नसतो. वाडा चालता असल्यामुळे मेंढपाळाला ती साठवता येत नाही, आणि पावसात भिजलेली, मातीत मिसळलेली, सगळे रंग एकत्र झालेली लोकर नंतर कुणालाच नको असते. दुधाला गावागावांत संकलन केंद्र आहे, उसाची तोड कारखाना ठरवतो. लोकरीला मात्र खरेदीदाराने वाटेवर येऊन गाठण्याची व्यवस्था नीट उभी राहिली नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाला हे अशक्य नाही. वाड्यांच्या वाटा ठरलेल्या असतात आणि कातरणीचे हंगामही. त्या मुक्कामांवर कातरणारे पाठवावेत, मजुरी महामंडळाने द्यावी, जावळ, काळी, पांढरी, करडी असे ढीग जागेवरच पाडावेत आणि प्रत्येक ढिगाचा भाव हंगामाआधी जाहीर करावा. जावळ आणि चांगली काळी लोकर कातणाऱ्यांकडे, मधली नमदा आणि गालिच्यांकडे, गाळ डाळिंबाच्या बागेकडे. माडग्याळकडे वळायचे की दख्खनीच ठेवायची, हा निर्णय मेंढपाळाचाच राहील. फक्त तो घेताना त्याच्यासमोर लोकरीच्या रकान्यात पुन्हा शून्याऐवजी एक रक्कम लिहिलेली असेल.