रक्तातले किती, ताटातले किती? : सायटोसिन मिथिलीकरणाची ओळख

‘ते त्याच्या रक्तातच आहे’ हे वाक्य आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. बहुधा ऐकणाऱ्याला त्याची पायरी दाखवून देण्यासाठीच ते उच्चारले जाई. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या न होऊ शकलेल्या भाषणात रक्तशुद्धीच्या युक्तिवादाचा समाचार घेतला, तेव्हा आनुवंशिकता वाहून नेणारा पदार्थ कोणता हेसुद्धा निश्चित झालेले नव्हते. तो पदार्थ डीएनए होय, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. परंतु ‘डीएनएत लिहिले तेच घडणार’ ही समजूत जुन्या समजुतीच्या जागी येऊन बसू पाहत आहे. म्हणून या स्मरणिकेसाठी आम्ही सायटोसिनच्या मिथिलीकरणाचा विषय निवडला.

डीएनएची लिपी चार अक्षरांची आहे : अ‍ॅडेनिन, गुआनिन, सायटोसिन आणि थायमिन. सायटोसिनच्या कड्यातील पाचव्या स्थानावरील कार्बनला एक कार्बन व तीन हायड्रोजन अणूंचा चिमुकला मिथिल गट जोडला जातो, यालाच मिथिलीकरण म्हणतात. मानवी पेशीत हे मुख्यतः सायटोसिनच्या लगेच पुढे गुआनिन असेल तेथे घडते. अशा जागांपैकी ७० ते ८० टक्के जागा मिथिलयुक्त असतात. अक्षर मात्र बदलत नाही. सातबाऱ्याचे उदाहरण घेऊ. पीककर्ज काढले की ‘इतर अधिकार’ या रकान्यात बँकेचा बोजा चढतो. जमीन तीच, गट क्रमांक तोच, मालकही तोच. पण व्यवहार अडतो. जनुकाच्या आरंभीच्या भागात मिथिल गटांची दाटी झाली की ते जनुकही असेच अडते, त्याचे वाचन थांबते. कर्ज फिटल्यावर बोजा उतरतो, तसे मिथिल गट काढण्याच्या कामी येणारे विकरही पेशीत असतात.

यकृताची पेशी आणि डोळ्याची पेशी यांचा डीएनए एकच असूनही त्या आपापलीच कामे करतात, याचे एक कारण या नोंदी होत. पेशी दुभंगते तेव्हा एक विकर जुन्या साखळीवरील खुणा पाहून नव्या साखळीवर तशाच खुणा उमटवतो. त्यामुळे यकृताच्या पेशीपासून यकृताचीच पेशी होते. नोंद चुकीच्या जागी चढली तर अनर्थ होतो. अनेक कर्करोगांत पेशींच्या वाढीला आवर घालणारी जनुके अशाच रीतीने मुकी झालेली आढळतात. रक्ताच्या काही विकारांत वापरले जाणारे अ‍ॅझासायटिडिन हे औषध मिथिलीकरणालाच अटकाव करते.

आरएनएतील सायटोसिनलाही मिथिल गट जोडला जातो. प्रथिने घडताना अमिनो आम्ले वाहून आणणाऱ्या आरएनएचे विशिष्ट प्रकार या गटामुळे उष्णतेसारख्या ताणात तुटण्यापासून बचावतात. कारिको आणि वाइसमन यांनी २००५ साली दाखवले की, मिथिलसायटोसिनसारखी बदललेली अक्षरे आरएनएत असली तर शरीराची संरक्षणयंत्रणा त्याला पाहून खवळत नाही. पुढे कोविडच्या लशींत दुसरे एक बदललेले अक्षर वापरले गेले, आणि २०२३ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले.

आता आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : हा मिथिल गट येतो कोठून? तो अन्नातून येतो. मेथिओनिन या अमिनो आम्लापासून शरीर मिथिल गट पुरवणारा पदार्थ तयार करते. वापरून झालेल्या द्रव्यापासून पुन्हा मेथिओनिन घडवण्यासाठी फोलेट आणि बी-१२ ही दोन जीवनसत्त्वे एकत्र लागतात. फोलेट पालेभाज्यांत व डाळींत भरपूर असते. बी-१२ मात्र दूध, अंडी, मासे आणि मांस यांतूनच मिळते. बी-१२ नसेल तर फोलेटवरचा मिथिल गट तेथेच अडकून राहतो.

हे केवळ पुस्तकी ज्ञान नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला आहे. तेथील बाळे जन्मतः सरासरी २.७ किलो वजनाची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. तरीही आपल्या हडकुळ्या बाळांत चरबी टिकून होती. कमी पडले होते ते स्नायू. सुमारे दोन तृतीयांश मातांत बी-१२ अपुरे होते, फोलेटची कमतरता मात्र क्वचितच. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्या मातांत गरोदरपणी फोलेट अधिक आणि बी-१२ कमी होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला जुमानत नसल्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारी लक्षणे सर्वाधिक दिसली. पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील डॉ. गिरिराज चांडक यांच्या गटाने, बी-१२ दिलेल्या मुलांत मधुमेहाशी संबंधित काही जनुकांच्या मिथिलीकरणात फरक पडल्याचे दाखवले.

देवणीकरांना रंग आणि वंश यांचे नाते सांगायला नको. बालंक्या, वान्नेरा आणि वाघ्या हे आपल्या देवणी गोवंशाचे प्रकार रंगावरूनच ओळखले जातात, आणि ते रंग वंशातून उतरतात. परंतु वॉटरलँड आणि जर्टल या अमेरिकी संशोधकांनी २००३ साली एका विशिष्ट जातीच्या गाभण उंदरिणींना फॉलिक आम्ल, बी-१२, कोलीन आणि बीटेन यांचा जादा खुराक दिला, तेव्हा पिवळी होऊ शकणारी कित्येक पिल्ले तपकिरी निपजली. जनुक तेच होते. त्यावरील मिथिलीकरण वाढले होते. माणसांतही, १९४४-४५ च्या हॉलंडमधील उपासमारीत गर्भात रुजलेल्यांच्या एका वाढविषयक जनुकावर साठ वर्षांनंतरही त्यांच्या भावंडांपेक्षा कमी मिथिल गट आढळले.

येथे दोन गोष्टी बजावून सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. तथागतांनी हे सारे आधीच सांगितले होते, असा दावा आम्ही करणार नाही; प्रतीत्यसमुत्पाद समजलेल्याला हे विज्ञान परके वाटत नाही, इतकेच. आणि या संशोधनाचा आधार घेऊन बाळाच्या दुखण्याचा दोष आईच्या माथी मारणे हा निव्वळ अन्याय होय. जिच्या ताटात शेवटी उरलेले पडते, तिने ते ताट स्वतः वाढून घेतलेले नसते.

पुण्याच्या गटाने पुढे त्याच गावांतील, आता तरुण झालेल्या मुलामुलींना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग हाती घेतला. लग्नानंतर किंवा गरोदरपणात नव्हे, त्याआधीच; कारण दिवस राहिल्याचे कळेपर्यंत बऱ्याच खुणा उमटून गेलेल्या असतात. शाळांतून मुलींना दर आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत लोह आणि फॉलिक आम्ल असते, बी-१२ नसते. ती गोळी घेतलीच पाहिजे, पण उणीव ताटातून भरून काढावी लागेल. एका अंड्यातून सुमारे अर्धा आणि पेलाभर दुधातून सुमारे एक मायक्रोग्रॅम बी-१२ मिळते. वरण, भाकरी आणि पालेभाजी कितीही पोटभर खाल्ली तरी त्यांतून ते मिळत नाही. वसतिगृहाच्या भोजनाचा आठवड्याचा तक्ता ठरवताना, आणि पालकांनी सुट्टीत घरी आलेल्या मुलीला वाढताना, हे आकडे हाताशी असावेत.