वर्गव्यायाम, अल्पकालीन
तासिकांच्या दरम्यान, वर्गाबाहेर न जाता, विद्यार्थ्यांकडून करवून घेतला जाणारा सु. ५ ते १० मिनिटांचा व्यायाम. जागेवर धावणे, उड्या मारणे इ. हालचालींना साधने लागत नाहीत. पाढ्यांशीही त्यांची सांगड घालता येते. मुलांना आवश्यक मानलेल्या दररोजच्या सरासरी ६० मिनिटांच्या हालचालींचा हा अल्पांश असल्याने तो मैदानी खेळांना पर्याय नव्हे. नॉर्थ कॅरोलायनातील (अमेरिका) एका प्राथमिक शाळेविषयी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, रोजच्या १० मिनिटांच्या अशा व्यायामानंतर मुलांचे पाठावरील अवधान सु. ८ टक्क्यांनी, तर ज्यांचे लक्ष सर्वाधिक विचलित होई त्यांचे सु. २० टक्क्यांनी वाढले. चुळबुळ करणाऱ्या मुलास शिक्षा म्हणून व्यायामातून वगळणे म्हणूनच अयोग्य होय. त्याची खरी गरज त्यालाच असते.