डिप्परच्या पुढचा अंधार

गळीत हंगाम सुरू झाला की सांगली-कोल्हापूरकडचे रस्ते रात्रीचे वेगळेच होतात. पेठनाक्यावरून आष्ट्यामार्गे सांगलीकडे निघालं की उसाच्या ट्रॉल्या लागायला लागतात, एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन. शेवटच्या ट्रॉलीतून उसाचे वाढे लोंबत असतात आणि मागे रिफ्लेक्टर असलाच तर तो त्यांच्याआड जातो. धुळीनं माखलेल्या उसावरून उजेड जवळपास परत येतच नाही. एखादी ट्रॉली पंक्चर होऊन, चाकाला दगड लावून, तशीच रस्त्यात सोडलेली असते. मोटारसायकलला जादा दिवे कोणते लावावेत असं कुणी विचारलं, की मी आधी ही उभी ट्रॉली डोळ्यांपुढे आणायला सांगतो. ती वेळेत दिसली पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

ताशी 60 किलोमीटरला गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर कापते. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना कळून हात ब्रेकवर आवळेपर्यंत दीड सेकंद गेला, तर 25 मीटर तिथंच गेले. कोरड्या डांबरावर चांगल्या ब्रेकनं थांबायला आणखी 23-24 मीटर. म्हणजे जवळपास 50 मीटर. वेग 80 केला की हाच आकडा 75 मीटरच्या आसपास जातो. आणि आपल्या बहुतेक मोटारसायकलींच्या डिप्परवर रिफ्लेक्टर नसलेली, मळकी वस्तू ओळखू येते ती 40-50 मीटरवर. त्यामुळे डिप्परवर 80 नं जाणारा माणूस प्रत्येक क्षणी न पाहिलेल्या रस्त्यावर गाडी घालत असतो. रोज काही होत नाही, कारण रोज ट्रॉली उभी नसते.

जादा दिव्याकडून हवे असतात ते हे मधले तीसेक मीटर. दुकानात मात्र बोलणं वॅटवर आणि लुमेनवर चालतं. लुमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना बाहेर पडणारा एकूण उजेड. तो कुठं पडतो, हे त्या आकड्यावरून कळत नाही. शिवाय अंतर दुप्पट झालं की उजेड चौपटीनं विरळ होतो. 50 मीटरवर जेवढं दिसतं तेवढंच 100 मीटरवर दिसायला त्या दिशेनं चौपट तीव्रता लागते. ती मिळते भिंगातून: पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की तेवढंच पाणी लांब जातं, तसं. म्हणून अरुंद फोकसचा 20 वॅटचा चांगला दिवा, म्हणजे स्पॉट, रुंद फेकणाऱ्या 60 वॅटच्या दिव्यापेक्षा लांबचं दाखवू शकतो.

सांगलीतले एक ऑटो इलेक्ट्रिशियन दिवा विकत घेण्याआधी टेबलावर तपासून देतात. मी त्यांच्याकडे बसून ते काम बऱ्याचदा पाहिलं आहे. जुनी पण चार्ज असलेली बॅटरी, मधे मल्टिमीटर, आणि दिवा. पाकिटावर 60 वॅट छापलेलं असतं. मीटरवर दीड अँपिअर दिसतो. 12 व्होल्ट गुणिले दीड, म्हणजे 18 वॅट. गिऱ्हाईक पाकिटाकडे बघत राहतं. मग ते दिवा तसाच दहा मिनिटं चालू ठेवतात आणि मागच्या धातूच्या पात्यांना बोट लावून बघतात. आवरण तापायला हवं, कारण एलईडीची उष्णता बाहेर पडायचा तोच रस्ता आहे. दिवा प्रखर असूनही आवरण गारच राहिलं, तर उष्णता आतच कोंडली आहे आणि तो दिवा फार दिवस टिकणार नाही, असं ते सांगतात. पाकिटावर दहा हजार लुमेन छापलेले असले तर तेही याच मीटरवर तपासता येतं. चांगला एलईडी दिवा एका वॅटला शंभरेक लुमेन देतो, त्यामुळे 18 वॅटमधून दहा हजार निघणं शक्य नाही.

रुंद दिव्याबद्दल एक गोष्ट अनुभव घेतल्याशिवाय पटत नाही. पुढच्या चाकासमोरचे दहा-पंधरा मीटर लख्ख उजळले की स्वाराला फार सुरक्षित वाटतं. डोळा मात्र त्या लख्ख पट्ट्याशी जुळवून घेतो, बाहुली आकसते, आणि पलीकडचा अंधार आणखी काळा होतो. जवळचे खड्डे दिसतात, लांबची ट्रॉली हरवते. सपाट, सरळ रस्त्यावर रुंद दिवा मंद किंवा बंद ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

घाटात गोष्ट उलटते. आंबा घाटात किंवा ताम्हिणीत वळणावर गाडी डावीकडे कलली की हेडलाइटच्या उजेडाची कडाही तिच्याबरोबर कलते, आणि वळणाच्या आतली बाजू, म्हणजे जिकडे जायचं तीच बाजू, काळी पडते. तिथं वेग तीसचा असतो. लांबच्या उजेडाचा उपयोग नाही, पण कठड्यापासून साइडपट्टीपर्यंत पसरलेला उजेड हवा असतो. रुंद दिवा इथं खरा कामाला येतो.

धुक्यात पिवळा दिवा ‘कापतो’ असं सगळे सांगतात. प्रत्यक्षात धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीच्या मानानं इतके मोठे असतात की पिवळा आणि पांढरा ते जवळपास सारखाच विखुरतात. पिवळा डोळ्यांना कमी बोचतो, हा फायदा मात्र बऱ्याच जणांना जाणवतो. फ्रान्समध्ये 1993 पर्यंत गाड्यांना पिवळ्या हेडलाइटची सक्तीच होती. धुक्यात रंगापेक्षा जागा महत्त्वाची: दिवा खाली, लेगगार्डवर, आणि त्याचा उजेड वरच्या बाजूनं सपाट कापलेला. डोळ्यांजवळचा दिवा धुकंच उजळतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. आषाढात आंबोलीच्या वाटेवर अप्पर मारून पाहिलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही.

बसवण्याचं काम तासा-दीड तासाचं, पण दिव्याचं आयुष्य तिथंच ठरतं. बॅटरीच्या प्लसवरून येणाऱ्या वायरला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लागतो. तो लांब दिव्यापाशी लावला तर मधली वायर घासून बॉडीला टेकल्यावर आग थांबवायला काही उरत नाही. 20 वॅटच्या दोन दिव्यांना 5 अँपिअरचा फ्यूज पुरतो. मग रिले, म्हणजे दिव्याचा करंट हँडलवरच्या नाजूक स्विचमधून न जाता जाड वायरीतून जातो आणि स्विच फक्त रिलेला इशारा देतो. इलेक्ट्रिशियन वायर ओवून झाली की हँडल डावीकडे टोकापर्यंत आणि उजवीकडे टोकापर्यंत फिरवून बघतात, कुठं ताण येतो का. जोड झाळलेला आणि वर स्लीव्ह तापवून बसवलेली. नुसत्या काळ्या टेपचा जोड पहिल्या पावसाळ्यात हिरवा पडतो.

मग गाडी चालू करून बॅटरीवर मीटर. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर सतत चालूच राहतो, म्हणजे बॅटरीवरचा एक बोजा आधीच ठरलेला आहे. जादा दिवे लावून, थोडी रेस देऊनही व्होल्टेज 13 च्या खाली राहत असेल, तर गाडी कमावते त्याहून जास्त खर्च करते आहे. अशा गाडीला कमी वॅटचा दिवाच योग्य.

शेवटचं काम दिव्याची नजर बसवण्याचं. गाडी भिंतीपासून दहा मीटरवर सरळ उभी केली जाते. एकदा इलेक्ट्रिशियन एका गिऱ्हाइकाला म्हणाले:

“बसा की गाडीवर. आणि रात्रीचं मागं कोण असतंय का?”

“बायको असते बऱ्याचदा. नाहीतर बॅग.”

“मग मागं माणूस बसवूनच बघाय पाहिजे. मागं वजन आलं की लाइट आभाळाकडं मारतीय.”

दुकानातला पोरगा मागे बसला आणि भिंतीवरची उजेडाची कडा खरोखरच वर सरकली. दहा मीटरवर ती दिव्याच्या उंचीपेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर खाली असावी, तीही नेहमीचं वजन गाडीवर असताना. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 106 वा नियम हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं मोजतो: दिव्यापासून 8 मीटर पुढे, उजव्या बाजूला अर्धा मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळा ठेवला, तर तो दिपता कामा नये. हे घरच्या अंगणात करून बघता येतं. कुणाला तरी गाडीवर बसवावं, आठ मीटर मोजावेत, थोडं वाकून उभं राहावं आणि दिव्याकडे बघावं. डोळे मिटावेसे वाटले तर दिवा चुकीचा बसला आहे, किंवा चुकीचा घेतला आहे. वरून कड कापलेली नसलेले गोल स्पॉट इथं हमखास नापास होतात.

म्हणूनच तो स्पॉट कोणत्या वायरीवरून चालू होतो याला मी इतकं महत्त्व देतो. समोरून येणारा माणूस दिपला की त्याचे डोळे पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात, वय झालेल्याला त्याहून जास्त. तेवढ्या सेकंदांत तो आंधळा होऊन माझ्याच दिशेनं येत असतो, आणि आमच्या दोघांच्या मधे ट्रॉली असू शकते. स्पॉटला वेगळा स्विच दिला तर दर वाहनाला तो आठवणीनं बंद करावा लागतो, आणि थकलेला अंगठा रात्री अकरानंतर ते करत नाही. त्याऐवजी रिलेचा इशारा अप्परच्या वायरीवरून घेतला की अप्परबरोबर स्पॉट लागतो आणि डिप्पर मारताच तोही जातो. स्विच एकच, सवय जुनीच. रुंद दिव्याला मात्र वेगळा स्विच हवा, कारण घाट आणि सपाट रस्ता यातला फरक वायरीला कळत नाही.

पैसे थोडेच असतील तर मी आधी हेडलाइटची काच आणि हेल्मेटची काच बदलायला सांगेन. ओरखडे पडलेल्या व्हायझरवर समोरचा प्रत्येक दिवा फुटून पसरतो, आणि पिवळी पडलेली हेडलाइटची काच मूळ उजेडच अडवते. त्यानंतर अप्परवर चालणारा स्पॉट, घाटातून जाणं असेल तर रुंद दिव्याची जोडी. आणि गावात ज्यांच्या ट्रॉल्या आहेत त्यांच्याकडे जाऊन, वाढ्यांनी झाकणार नाही अशा जागी, खाली चाकांच्या पातळीला लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवायचा आग्रह धरावा. ती पट्टी साध्या शंभर सीसी गाडीच्या मिणमिणत्या दिव्यालाही लांबूनच उत्तर देते. आमच्याकडच्या काही पोरांनी गेल्या हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यावर उभं राहून पट्ट्या लावल्या. रांगेत थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्यांपैकी क्वचितच कुणी नको म्हणालं.